चुकलंय आणि वाईट आहे, यात फरक आहे हो

नाशिकच्या कालिदास कलामंदिरातून गाण्याचा कार्यक्रम ऐकून बाहेर पडलं की कोणीतरी म्हणतंच, कलेत चूक-बरोबर असं काही नसतं. लगेच दुसरा, बहुतेक संगीत विशारद झालेला, "नसतं कसं, त्या रागात नसलेला मध्यम लागला ना मघाशी!" मग पार्किंगमध्ये अर्धा तास भांडण. दोघं वेगळ्याच गोष्टींवर बोलतायत हे दोघांच्याही लक्षात येत नाही. आणि हे त्या नाशकात, जिथे थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी शेवटची वर्षं काढली आणि त्यांचा गायक मुलगा द. वि. पलुसकर १९२१ साली जन्मला!

चूक काय ते सगळ्यांना माहितीये. भूप राग गातो म्हणालात की सा रे ग प ध, मध्यम-निषाद (म, नी) वर्ज्य, लागला की चुकलं, त्यात मत कसलं. ठुमरीत दुसऱ्या रागाची छटा आणा, वाहवा मिळेल, कारण तिथे तसा करारच नाहीये. आणि करार बदलतातही, बिहाग रागात तीव्र (चढा) मध्यम पूर्वी जपून लावायचे, आता त्याच्याशिवाय बिहाग वाटतच नाही.

घोळ होतो तो पुढे. देशकार रागातही तेच पाच स्वर, पण भूपाचा जीव गंधारात (ग) आणि देशकाराचा धैवतात (ध), तोही वरच्या अंगाने. आता एकजण भूप गातोय, वर्ज्य स्वर एकही नाही, पण सारखा धैवतावर जाऊन बसतोय. स्वर मोजाल तर चूक शून्य, पण भूप केव्हाच निघून गेलाय! माझ्या मते ही चूकच, फक्त बोटावर मोजता येत नाही, कान लागतो. दुसरा गातो त्यात गंधारही जागेवर, देशकारही डोकावत नाही, सगळं पुस्तकाप्रमाणे, आणि दहा मिनिटांत लोक मोबाईल काढतात. ह्याचं काय चुकलं? काहीच नाही! गाणं वाईट आहे एवढंच, पुढे काय येणार ते आधीच कळतंय, एकही जागा अशी नाही की मान वर करून बघावं. चूक दाखवायची तर अमुक स्वर, अमुक मात्रा असं बोट ठेवता येतं, वाईटपणा अख्ख्या गाण्यात पसरलेला असतो. आणि उलटंही होतं, उतारवयातला थकलेला आवाज, एखादा स्वर घसरतो, तरी कोणी उठत नाही. चूक झाली, गाणं वाईट झालं नाही. (मला आवडलं नाही हा तिसराच विषय, तो तुमच्याबद्दल आहे, गाण्याबद्दल नाही.)

म्हणून मला ते स्पर्धांचे परीक्षक झेपत नाहीत. चुका मोजता येतात म्हणून चुकाच मोजतात, अर्धा अर्धा मार्क कापत. पोरं मग न चुकायला शिकतात, गायला नाही. मी तरी चुकणाऱ्याचं तिकीट काढेन.

आणि परफेक्ट म्हणजे नक्की कोणाच्या हिशोबाने? हार्मोनियमचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट वर असतो, अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर. म्हणजे पेटीच्या मापाने अगदी अचूक केलेला ऑटोट्यूनचा आवाज तानपुऱ्याबरोबर किंचित चढाच. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली त्या वादात हेही एक कारण होतं, अर्थात बंदी हा अतिरेकच.

खरं-खोट्याचंही हेच. गोदाघाटाच्या वॉटरकलरमध्ये विजेच्या तारा गाळल्या की "खोटं चित्र" म्हणणारे भेटतात. अरे, पुरात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेएवढं पाणी असताना कोणी गळ्यापर्यंत रंगवलं, तर पुराची नोंद म्हणून ते चूक, कारण आपण पूर त्या मारुतीवरच मोजतो. चित्र म्हणून ते वाईट असेल तर पाणी डबक्यासारखं थिजलेलं रंगवलंय म्हणून असेल, मारुती किती बुडाला त्यावरून नाही.