ॲडजस्ट करणं वेगळं आणि लवचिक विचार करणं वेगळं

आमच्या सोलापुरात कुठलाही बदल झाला की एकच औषध सांगतात, ॲडजस्ट कर. पाणी चार दिवसाआडचं पाच दिवसाआड झालं, ॲडजस्ट करा. पोरगं नोकरीला पुण्याला गेलं, घर खायला उठलं, ॲडजस्ट करा. नवीन सून असेल तर तिला पहिल्याच आठवड्यात सांगून होतं. त्यामुळं आता शाळेत, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये, मोबाईलवर "लवचिक विचार करा" असं कानावर आलं की लोकांना वाटतं हे तेच की ओ, आम्ही जन्मभर दुसरं काय करायलोय. मला पण बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण घरात आणि गल्लीत दोन माणसं इतक्या जवळून बघितली की आता मला ही गल्लत सहन होत नाही, कारण या गल्लतीत माणसाची तब्येत जाते.

पहिले आमचे काका. बारा माग, सगळे चादरीचे. बाहेरून स्वस्त ब्लँकेट यायला लागली, ऑर्डर कमी झाल्या. काकांनी काय केलं तर दोन पाळ्या सुरू केल्या, भाव पाडला, एक कामगार कमी करून स्वतः मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला बसले, जेवण कारखान्यातच. बदल केले नाहीत असं नाही, बदल भरपूर केले, पण सगळे स्वतःच्या अंगावर. डोक्यातला प्रश्न तोच राहिला, "चादर जास्त कशी खपवायची?" कोणी विचारलं तर "काय नाय, करायचं ॲडजस्ट, दिवाळीनंतर मार्केट उठतंय बघ." अशा चार दिवाळ्या गेल्या आणि बीपीची गोळी सुरू झाली.

दुसऱ्या शेजारच्या अक्का. तीस वर्षं बिड्या वळल्या त्यांनी. मांडीवर सूप, त्यात तेंदूचा पत्ता आणि तंबाखू, तोंडानं आमच्याशी गप्पा चालू आणि बोटं न बघता दोरा गुंडाळायलेत, हे मी लहानपणापासून बघितलंय. मग खांदा धरला आणि कामाचे दिवस पण कमी मिळायला लागले. आम्हाला वाटलं आता अक्का कसं करणार. तर त्या म्हणाल्या, "मला घरात बसून पैसे पाहिजेत. बिडीच पाहिजे असं कुठाय?" इकडं शाळेच्या युनिफॉर्मचे कारखाने किती आहेत ते तुम्हाला माहितीये, त्यातल्या एकात जाऊन त्यांनी विचारलं की धागा कटिंगचं काम घरी देता का. दिलं. आता शर्टाचे गठ्ठे असतात दारात, कात्री तीच, पत्ता कापायची.

आता या दोघांत फरक काय पडला ते नीट बघू, कारण वरवर बघितलं तर दोघांनीही परिस्थितीशी जुळवूनच घेतलं की.

अक्कांच्या वाक्यातला तो "च" बघा. अल्बर्ट एलिस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्यांचं मुख्य म्हणणं असं की माणसाला त्रास नुसत्या घटनेनं होत नाही, "असं झालंच पाहिजे" या हट्टानं जास्त होतो. उपाय म्हणून ते इच्छा सोडायला सांगत नाहीत, हे फार महत्त्वाचं आहे आणि हेच लोक विसरतात. "मला हे मनापासून पाहिजे, पण मिळालंच पाहिजे असा नियम नाही", एवढाच बदल. मराठीत तर हे एका अक्षराचं काम आहे. लवचिक विचारात "च" निघतो, इच्छा तिथंच राहते. ॲडजस्ट करताना उलटं होतं, इच्छाच दाबून टाकायची, "मला कुठं पाहिजे होतं" म्हणायचं, आणि "च" मात्र आत टिकून असतो, चादरच, हेच घर, असंच. म्हणून बाहेरून शांत दिसणारं माणूस आतून धुमसत असतं.

हे दाबणं अंगाला लागतं याचा अभ्यासही झालाय. जेम्स ग्रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये लोकांना एका ऑपरेशनची किळस येणारी फिल्म दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितलं, याच्याकडं डॉक्टरी नजरेनं बघा. पहिल्यांच्या चेहऱ्यावर कमी दिसलं, पण किळस कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. दुसऱ्यांची किळसच कमी झाली. मला ते वाचून काकांची गोळीच आठवली, आता बीपीला कारणं दहा असतात हे मान्य, पण आठवली.

दुसरा फरक सवयीचा. अब्राहम लचिन्स या मानसशास्त्रज्ञांचा १९४२ चा एक प्रयोग आहे, तो मी माझ्या ट्यूशनच्या सातवीच्या पोरांवर घागरी सांगून करून बघितला, पाणी भरणं आमच्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. तीन भांडी, २१, १२७ आणि ३ लिटरची, १०० लिटर मोजून द्या. जरा डोकं खाजवून पोरांना जमलं: १२७ चं भरा, त्यातून २१ एकदा काढा, ३ दोनदा काढा. अशीच आणखी चार गणितं दिली, सगळ्यांना हीच रीत लागू. मग दिलं २३, ४९ आणि ३, पाहिजेत २० लिटर. सगळी पोरं ४९ मधून २३ काढायलेत, मग तीन-तीन दोनदा. एक पोरगी त्या दिवशी उशिरा आली होती, आधीची गणितं तिनं केलीच नव्हती, ती दारात चप्पल काढता काढता म्हणाली, "मॅडम, तेवीसमधून तीन काढा की." मग मी २८, ७६ आणि ३ दिलं, पाहिजेत २५, इथं जुनी रीत चालतच नाही, उत्तर ४२ येतं, आणि हुशार पोरं सुद्धा "मॅडम गणित चुकलंय" म्हणायला लागली.

म्हणजे ज्या रीतीनं पाच वेळा काम झालं तीच रीत सहाव्या वेळी समोरचं दिसू देत नाही. काकांची दुसरी पाळी म्हणजे हेच. ॲडजस्ट करणारा माणूस तीच रीत जास्त जोर लावून करतो. लचिन्स यांनी काही लोकांना मध्येच कागदावर लिहायला लावलं होतं की आंधळे होऊ नका, आणि एवढ्यानं सुद्धा काही जणांना सोपी वाट दिसली. म्हणून मी पोरांना आता प्रत्येक गणिताला "दुसरी रीत आहे का" हे वहीत लिहायलाच लावते, आणि घरात काही अडलं की स्वतः पण लिहिते, उत्तर नाही, प्रश्नच दोन-तीन तऱ्हेनं लिहायचा. त्यातनं "च" आपोआप उघडा पडतो.

एक गैरसमज अजून आहे, की लवचिक म्हणजे वाऱ्याप्रमाणं पाठ फिरवणारा. आपल्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, बाकीचे परतले तरी हे राहिले, १९४१ मध्ये बेथून हॉस्पिटलचे संचालक झाले आणि १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी तिथंच गेले. भाषा, देश, सगळं बदललं त्यांनी. जखमींवर उपचार करायचे हे मात्र बदललं नाही. कशासाठी करायचं ते घट्ट धरलेलं असलं की कसं करायचं ते मोकळं सोडता येतं.

आणि म्हणूनच लवचिक माणूस कधी कधी चक्क नाही म्हणतो. सुनेला "ॲडजस्ट कर गं" सांगणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण तिनं बसून विचार करून "हे मला जमणार नाही, त्याऐवजी असं करूया" म्हटलं तर तो लवचिक विचारच झाला, उद्धटपणा नाही. ॲडजस्ट करणं वाईट असं पण मी म्हणत नाही. पाणी आज येणार नाही तर बॅरलमधलं पुरवून वापरायचं, त्यात कसला विचार करायचा. हातात काहीच नसेल आणि थोड्या दिवसांचं असेल तर सोसावं. वर्षानुवर्षं चालायलंय तर थांबून बघावं.

काकांना हे मी एकदम नाही सांगितलं, त्यांना राग आला असता. एवढंच विचारलं, "काका, तुम्हाला चादर खपवायचीय का कारखाना चालवायचाय?" ते काही बोलले नाहीत, तुटलेला धागा ओढून गाठ मारत बसले. दोन महिन्यांनी समजलं की दहा माग टॉवेलला लावलेत. म्हटलं, दोन कुठले राहिले? तर म्हणाले, "चादरीचे. ते आवडतंय म्हणून ठेवलेत, त्याच्यावर पोट नाही आता." रविवारी सकाळी गेलं तर तेवढे दोनच चालू असतात, आणि काका स्वतः उभे असतात.