खुडूक कोंबडीला ताप नसतो

व्हॉट्सअॅपवर उन्हाळा आला की एक मजकूर फिरू लागतो. कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी घालायचं सोडून ती उबवायला घरट्यात ठाण मांडून बसली, की तिच्या अंगात उष्णता चढली, तेव्हा तापाची गोळी चुरून पाण्यातून द्या, नाहीतर तिला गार पाण्यात बुडवून काढा. फॉरवर्ड नवा, पण समजूत जुनीच. कुडाळ-मालवणकडे कुठल्याही पडवीत विषय काढा, ‘तिका पाण्यात बुडय, खूळ जायत’ असं सांगणारं कुणीतरी भेटतंच.

खुडूक कोंबडी हाताला गरम लागते हे खरं. पण कोंबडी एरवीही गरमच असते. निरोगी कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आपल्याला तेवढा ताप आला तर घरचे दवाखान्यात नेतील. त्यातून खुडूक कोंबडीच्या छातीपोटाखालची पिसं विरळ झालेली असतात, त्यामुळे हात थेट कातडीला लागतो. एकदा तिला अलगद उचलून उलटी धरून बघा. ती पिसं फुलवून गुरगुरेल, चोचही मारेल, तेवढं सोसायचं. पोटाखाली लालसर, मऊ, जरा सुजल्यासारखा दिसणारा उघडा पट्टा दिसेल. तिथल्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात. अंड्यांना ऊब देणारी जागा ती हीच, आणि कोंबडीला जागेवरून उठू न देणारी जागाही हीच.

कशी, ते सविस्तर सांगायलाच हवं.

चैत्र-वैशाखात दिवस लांबतो. कोकणात डिसेंबरातला ११ तासांचा दिवस जूनपर्यंत १३ तासांच्या थोडा वर जातो. फरक मोठा नाही, पण पक्ष्याला पुरतो. गंमत म्हणजे ऋतूचा हा हिशेब पक्षी डोळ्यांनी करत नाहीत. उजेड कवटीतून आत झिरपतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या प्रकाशसंवेदी पेशी तो टिपतात. लांबलेला दिवस, उकाडा आणि एका जागी साठत गेलेली अंडी, असं सगळं जुळून आलं की हायपोथॅलॅमस एक रसायन जास्त सोडू लागतो. त्याचं नाव व्हॅसोअॅक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड, थोडक्यात व्हीआयपी. ते आधी आतड्यात सापडलं म्हणून नावात आतडं आलं, मेंदूतल्या कामाशी त्या नावाचा काही संबंध नाही. हे व्हीआयपी खालच्या पीयूषिका ग्रंथीला प्रोलॅक्टिन सोडायला लावतं.

प्रोलॅक्टिन म्हणजे आपल्याकडे आईला दूध आणणारं संप्रेरक. सस्तन प्राण्यांत ते बनायला कायम तयार असतं, फक्त डोपामिन त्याच्यावर ब्रेक दाबून बसलेलं असतं. ब्रेक सुटला की दूध. पक्ष्यांत मुख्य भर ब्रेकवर नाही, अॅक्सिलरेटरवर आहे, आणि तो अॅक्सिलरेटर म्हणजे व्हीआयपी. संप्रेरक तेच, पण ते चालवण्याची रीत वेगळी. या संप्रेरकाला प्रोलॅक्टिन हे नाव मिळालं तेच मुळी पक्ष्यांवरच्या प्रयोगांतून. अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांचे सहकारी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कबुतरांवर काम करत होते. कबुतरं नर-मादी दोघंही पिल्लांना गळ्याच्या पिशवीत तयार होणारं ‘दूध’ पाजतात, आणि ते या संप्रेरकामुळे तयार होतं. १९३५मध्ये याच मंडळींनी कोंबड्यांना प्रोलॅक्टिनची इंजेक्शनं दिली आणि त्या खुडूक बसल्या! ‘खूळ’ बाटलीत भरून टोचता येतं, हे तेव्हाच सिद्ध झालं.

आता या साखळीचं दुसरं टोक. प्रोलॅक्टिन वाढलं की पीयूषिकेतून येणारं एलएच नावाचं, बलक सुटायला लावणारं दुसरं संप्रेरक घटतं. अंडाशयात एकापाठोपाठ एक पिकत आलेले पिवळे बलक मग सुटत नाहीत, शरीर ते परत शोषून घेतं. अंडी थांबतात, तुरा आकसतो, फिका पडतो. कोंबडी दिवसातून एखाद्या वेळी दहा-वीस मिनिटं उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, एकदाच भलामोठा दुर्गंधी गोळा टाकते आणि परत धावते. इकडे पोटाच्या उघड्या पट्ट्याला अंड्यांचा स्पर्श होत राहतो. तो निरोप मज्जातंतूंवाटे मेंदूत जातो, व्हीआयपी वाढतं, प्रोलॅक्टिन वाढतं, कोंबडी आणखी घट्ट बसते, स्पर्श आणखी होतो. हे चक्र स्वतःच स्वतःला फिरवतं. म्हणून अंडी काढून घेतली तरी ती रिकाम्या पेंढ्यावर बसते. बूड टेकायला उबदार, मऊ, अंधारी जागा आहे तोवर चक्र मंदावतं, पण थांबत नाही.

यातून उपाय आपोआप निघतो. ताप उतरवायचा नाही, स्पर्श तोडायचा. आंब्याचा जाळीचा प्लास्टिक क्रेट घ्या, चार चिऱ्यांवर ठेवा, कोंबडी आत, वर दुसरा क्रेट उपडा. खाली पेंढा नाही, तूस नाही, पोटाखालून वारा खेळता. जागा उजेडाची पण सावलीतली. खाणंपाणी मात्र पोटभर. उपाशी ठेवण्याचं काहीच कारण नाही. घरटं सुटलं की प्रोलॅक्टिन एक-दोन दिवसांत उतरू लागतं. तीन-चार दिवसांनी सोडून बघा. परत कोपऱ्यात गेली तर आणखी दोन दिवस. बसल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी पकडली तर लवकर सुटते, कारण अंडाशय अजून पुरतं आकसलेलं नसतं. आठवडाभर दुर्लक्ष केलंत तर तितकाच वेळ जास्त. पुन्हा अंडी यायला साधारण दोन-तीन आठवडे धरा.

पाण्यात बुडवण्याने कधीकधी गुण येतो, तोही ती घाबरून घरट्यापासून दूर राहिली म्हणून. नाकपुड्यांतून पीस आरपार ओवण्याची पद्धत मात्र सरळ क्रूर आहे. जनावराला जखम करून जे साधतं ते क्रेटमध्ये फुकट साधत असेल, तर पिसाचा हट्ट कशाला?

पण पिल्लं हवी असतील तर खुडूक कोंबडी म्हणजे न मागता आलेली सोय. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही सवय जवळपास काढून टाकली आहे. गिरिराज, वनराजही सहसा बसत नाहीत. त्यांची अंडी गावठीच्या पोटाखाली सारायची, तिला आपपर नसतो. दहा-बारा अंडी, २१ दिवस.

इथे कोकणातली खरी अडचण बसवण्याआधीच सुरू होते. घातलेल्या अंड्यातला जीव थंडाव्यात थांबून राहतो. साधारण २० अंशांच्या वर गेलं की तो हळूहळू वाढू लागतो, पण ३०-३२ अंश नीट वाढायला पुरत नाहीत. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरातल्या रोवळीत दहा-बारा दिवस साठवलेली अंडी अशी अर्धवट वाढून आतल्या आत मरतात. ओल्या वाळूत मडकं ठेवून त्यात अंडी ठेवायची युक्ती देशावरच्या कोरड्या हवेत छान चालते. आपल्या दमट हवेत पाणीच कमी उडतं, त्यामुळे गारवाही कमी. तेव्हा चार-पाच दिवसांपेक्षा जुनी अंडी मांडू नयेत.

मग ही मेलेली अंडी उघडकीला कधी येतात? मांडल्यावर तीन आठवड्यांनी, म्हणजे नेमकी वळवाच्या गडगडाटात. आणि दोष विजेला! म्हणून अंड्यांत लोखंडी खिळा नाहीतर कोळसा ठेवायचा. खिळ्याने बिघडत काहीच नाही, सुधारतही नाही. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नितळ पिवळं दिसलं तर ते अंडं काढून टाका. लांबट अंड्यातून कोंबडा निघतो हीही खिळ्यासारखीच समजूत. नर की मादी हे बीजांडात कोणतं गुणसूत्र गेलं यावर ठरतं, कवचाच्या आकारावर नाही.

पिल्लं फुटली की प्रोलॅक्टिन झपाट्याने उतरतं, पण अंडी लगेच सुरू होत नाहीत. पिल्लांचं सोबत असणंच एलएच दाबून ठेवतं. गावठी कोंबडी दोन-तीन महिने पिल्लं वागवते, वर्षाची अंडी कमी भरतात त्याचं एक मोठं कारण हेच. पिल्लं महिन्याची झाल्यावर वेगळी केली तर ती लवकर अंड्यावर येते. मात्र घारीची सावली दिसताच ओरडून पिल्लांना पंखाखाली घेणारं मग कुणी नसतं, आणि मुंगूस तर दिवसाढवळ्या परसात फिरतं. खुराड्याला बारीक जाळी असेल तरच हा व्यवहार परवडतो. नसेल तर थोडी अंडी सोडून पिल्लं आईकडेच ठेवावीत.