टेकडीवरचा बोका आणि उसातलं रानमांजर

पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजईला सकाळी फिरणाऱ्यांना कधीतरी झुडपाखाली तितराची पिसं पसरलेली दिसतात. मग खाली उतरेपर्यंत दोन निकाल लागलेले असतात. एक काका म्हणतात, "रानमांजराचं काम." दुसरे म्हणतात, "या भटक्या मांजरांचा बंदोबस्त करायला हवा, परदेशात सरळ गोळ्या घालतात." या दोन वाक्यांमध्ये दोन वेगळे प्राणी आहेत, दोन वेगळे कायदे आहेत आणि एक परदेशी कल्पना आहे. आपल्याकडच्या कायद्यात ती कल्पना आता उरलेलीच नाही. म्हणून सुरुवात तिच्यापासून करू.

शिकारीचा पक्षी ही ती कल्पना. स्कॉटलंडमध्ये ग्राउस आणि फेजंट यांच्या शिकारीसाठी मोठमोठ्या जमिनी राखलेल्या असतात आणि त्यांवर पगारी राखणदार असतात. पक्षी हे तिथे उत्पन्न, आणि पक्षी खाणारा प्राणी हे नुकसान. त्यामुळे रानात राहायला लागलेल्या घरगुती मांजराला राखणदार मारू शकतो. अट एवढीच, की क्रौर्य नको आणि ते कुणाचं पाळलेलं नको. पण त्याच डोंगरात खरं स्कॉटिश रानमांजरही राहतं आणि त्याला कायद्याचं कडक संरक्षण आहे. दोघांचा संकर इतका झालाय, की बंदूक हातात घेतलेल्या माणसाला समोर कोण आहे हे सांगणं अवघड जातं. रानमांजरं जवळपास संपली, तेव्हा पिंजऱ्यात वाढवलेली रानमांजरं २०२३ मध्ये केर्नगॉर्म्सच्या जंगलात सोडायची वेळ आली. ऑस्ट्रेलियाचं गणित सोपं आहे. तिथे मांजरकुळातला एकही मूळचा प्राणी नाही, त्यामुळे रानात दिसलेलं कुठलंही मांजर बाहेरचंच. २०१५ मध्ये तिथल्या सरकारने पाच वर्षांत वीस लाख रानटी झालेली मांजरं मारायचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. परदेशात गोळ्या घालतात म्हणणाऱ्या काकांनी बहुधा हीच बातमी वाचलेली असते.

आपल्याकडेही शिकारीचे पक्षी होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ रूपात अनुसूचींना, म्हणजे प्राण्यांच्या याद्यांना, नावंच मोठी शिकार, छोटी शिकार अशी होती आणि परवाना काढून शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने गेले. तेव्हापासून तितर, लावरी, रानकोंबडा हे कुणाच्या बंदुकीसाठी राखलेले पक्षी राहिले नाहीत, ते फक्त वन्यप्राणी आहेत. याचा परिणाम फारसा कुणी ध्यानात घेत नाही. रानमांजराने तितर खाल्ला तर आपल्या कायद्यात त्याला ना फिर्यादी आहे ना आरोपी. एका वन्यप्राण्याने दुसरा खाल्ला, फाइल बंद.

आता मांजरं ओळखायची कशी, ते बघू. रानमांजर, म्हणजे काही भागांत ज्याला बाऊल म्हणतात ते, पुण्याच्या पूर्वेकडच्या माळरानांवर, नदीकाठच्या गवतात आणि उसात राहतं. पाय लांब, अंग वाळूच्या किंवा धुळीच्या रंगाचं आणि जवळपास एकरंगी. कानांच्या टोकांना काळ्या केसांचा छोटा झुपका. सगळ्यात मोठी खूण म्हणजे शेपूट. ती अंगाच्या मानाने आखूड असते, जमिनीपासून बरीच वर संपते, टोकाकडे काळी वलयं असतात आणि टोक काळं. घरगुती वंशाच्या मांजराची शेपूट लांब असते आणि अंगावर पांढरा डाग, पांढरे मोजे, काळा-केशरी रंग असं काहीही असू शकतं. अंगावर पांढरा ठिगळ दिसला की रानमांजराचा विषय जवळपास संपला. राखाडी पट्ट्यांचा दांडगा बोका मात्र संध्याकाळच्या उजेडात भल्याभल्यांना फसवतो. वाघाटी नावाचा तिसरा उमेदवारही आहे. गंजक्या ठिपक्यांचं हे मांजर जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी घरच्या मांजरापेक्षा लहान असते, म्हणून लोक तिला पिल्लू समजून उचलतात. ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंक्तीला.

रानमांजराच्या बाबतीत कायदा सरळ आहे. कलम ९ प्रमाणे अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार बंद, आणि शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, फासा लावणं, विष घालणं, शिवाय यातलं काहीही करायचा प्रयत्नही येतो. कोंबड्या नेल्या म्हणून पिंजरा लावून धरलं आणि दूर नेऊन सोडलं, तरी ती शिकारच. शिकारीची परवानगी द्यायचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे. सरपंच, सोसायटीचा चेअरमन किंवा फार्महाऊसचा मालक यांच्याकडे नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि गुन्हेगार ठरवून ज्याच्या मागे लागायचं ते रानमांजर मुख्यतः उंदरांवर जगतं. राजस्थानातल्या सरिस्काच्या जंगलातल्या अभ्यासानुसार दिवसाला तीन ते पाच. ऊसवाल्या शेतकऱ्याने त्याला खरं तर पगार द्यायला हवा.

भटक्या मांजराचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि गैरसमजही इथेच जास्त. वन्यजीव कायद्याच्या लेखी वन्यप्राणी म्हणजे अनुसूचीत नाव असलेला प्राणी. घरगुती मांजराचं नाव तिथे नाही, मग ते पिढ्यान्‌पिढ्या टेकडीवर जन्मलेलं का असेना. तेव्हा ते वन्यप्राणी नाही. पण याचा अर्थ ते बेवारस, वाटेल ते करा, असा लोक काढतात तो चुकीचा. उपद्रवी प्राणी जाहीर करायची कलम ६२ ची वाटही वन्यप्राण्यांपुरती आहे, म्हणजे मांजराला तो दरवाजाही लागू होत नाही. त्याला लागतो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याचं कलम ११ वाचून हसावं की रडावं कळत नाही, कारण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. आज एवढ्यात वडापावची जोडी येते. मात्र त्या आकड्यावर भरवसा ठेवून विषाचं मटण टाकणाऱ्याने भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ बघावं. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय मांजरासाठी टाकलेलं विष मुंगूस खातं, घोरपड खाते, रानमांजरही खातं, आणि मग प्रकरण पुन्हा वन्यजीव कायद्यात जातं.

म्हणून भटक्या मांजरांच्या नियंत्रणाचा आपल्याकडचा धोपट मार्ग म्हणजे नसबंदी. २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांच्या नावातच कुत्रे होते. २०२३ च्या नव्या नियमांच्या नावातून तो शब्द गेला आणि मालक नसलेल्या वस्तीतल्या प्राण्यांची व्याख्या आली. वन्यप्राणी या व्याख्येतून स्पष्ट वगळलेले आहेत. हे काम प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनेच करायचं असतं. तरीही नियमांचा बहुतेक तपशील कुत्र्यांभोवतीच फिरतो.

पक्ष्यांना खरा त्रास कुणाचा, याबद्दल माझं मत आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. टेकडीवरच्या तितरांना आणि लावऱ्यांना जास्त धोका खाऊन-पिऊन सुखी असलेल्या भटक्या मांजरांचा आहे. रानमांजराची संख्या भक्ष्याच्या प्रमाणात राहते. टेकडीच्या पायथ्याशी रोज वाटीभर कोरडा खाऊ मिळणाऱ्या मांजरांची राहत नाही, आणि पोट भरलेलं मांजरही पाखरू दिसलं की झेपावतंच. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला तर उडायलाही उशीर होतो. ही मांजरं टेकडीवर आली कशी? बहुतेक आपणच पोहोचवली. भाटी जिन्याखाली व्याली की तिला पिल्लांसकट पोत्यात घालून टेकडीवर किंवा घाटात सोडून यायचं, ही सोसायट्यांची जुनी रीत आहे. भूक-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं हाही त्याच कलम ११ खाली गुन्हा आहे, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की शांतता पसरते. खाऊ घालायचाच असेल तर सोसायटीत घाला, नसबंदी करून घ्या; टेकडीच्या कडेला वाट्या मांडू नका.

गोंधळाची सगळ्यात नाजूक जागा ऊसतोडीत येते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, दौंड भागात फड तोडताना चार-दोन पिल्लं सापडतात. रानमांजराची पिल्लं लहानपणी पट्टेदार-ठिपकेदार असतात आणि थेट घरच्या मांजरासारखी दिसतात. कुणीतरी दया येऊन घरी नेतं, दूध पाजतं, आणि नकळत वन्यप्राणी बाळगल्याच्या गुन्ह्यात अडकतं. आई बहुतेक वेळा जवळच दबून बसलेली असते. पिल्लं होती तिथेच ठेवावीत, तेवढ्या पट्ट्यातली तोड थांबवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी संध्याकाळी पिल्लं खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई त्यांना घेऊन जाते. या भागात रानमांजर आणि वाघाटी, दोघांच्याही पिल्लांची अशी भेट अनेकदा झाली आहे. पिल्लं घरगुती निघाली तरी या सगळ्यात कुणाचं काही बिघडत नाही.

आणि ज्यांचे पक्षी खरोखर मालकीचे आहेत, म्हणजे कोंबड्या किंवा पाळीव जपानी लावऱ्या, त्यांच्यासाठी उपाय कायद्याच्या पुस्तकात शोधू नये. वेल्डमेशची बारीक जाळी लावा, खालची कड फूटभर जमिनीत पुरा, वरूनही झाका आणि तिन्हीसांजेला दार लावा. जाळीपुढे बोका आला काय आणि रानमांजर आलं काय, शेपूट बघत बसायची गरज पडत नाही.