मानसिक व मज्जाविकासात्मक दिव्यांगत्वाची सिद्धता

नोकरीतील आरक्षण, सोयी किंवा कारवाईपासून संरक्षण मागताना आपला मानसिक आजार, स्वमग्नता अथवा अध्ययन अक्षमता कायद्याच्या व्याख्येत बसते, हे दाखवून देण्याची प्रक्रिया. भारतात तिचा आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा असून तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या अधिनियमात मानसिक आजार होता. स्वमग्नता व अध्ययन अक्षमता नव्या अनुसूचीत आल्या. एडीएचडीचा (अवधान कमतरता व अतिचंचलता) स्वतंत्र उल्लेख तिच्यात नाही.

अधिनियमात दोन व्याख्या आहेत आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक वादांचे मूळ. ‘दिव्यांग व्यक्ती’च्या व्याख्येत दीर्घकालीन बाधा व भोवतालचे अडथळे एवढेच येते, टक्केवारी येत नाही. ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’ला मात्र प्रमाणित ४० टक्के लागतात. आरक्षण (कलम ३४) दुसऱ्या व्याख्येवर चालते. वाजवी सोयींसाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात (२०२१) सांगितले आणि हेच मत अधिनियमाच्या हेतूशी सुसंगत दिसते.

मानसिक आजाराची टक्केवारी ‘आयडियाज’ श्रेणीने काढतात. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने ती साधारणपणे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सिद्ध केली. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन, काम या चार क्षेत्रांना प्रत्येकी ० ते ४ गुण; गुण जास्त म्हणजे अक्षमता जास्त. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात. एकूण ७ गुणांना ४० टक्क्यांची पायरी सुरू होते. चारही क्षेत्रांत सौम्य, म्हणजे एकेक गुण असलेल्या कर्मचाऱ्याचा आजार चार वर्षांचा असेल तर बेरीज ६ होते, सात वर्षांचा असेल तर ७. त्रास तोच, ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मात्र एकालाच. शिवाय औषधे घेऊन जिवाच्या आकांताने नोकरी टिकवणाऱ्याचे ‘काम’ या रकान्यातले गुण त्यामुळेच घटतात. हा दोष गंभीर आहे. स्वमग्नतेसाठी ४० बाबींची ‘इसा’ श्रेणी वापरतात.

ब्रिटनच्या समानता अधिनियमात (२०१०) टक्केवारी नाही. दैनंदिन व्यवहारांवर भरीव परिणाम व किमान १२ महिन्यांचा कालावधी पाहतात.

रवींदरकुमार धारिवाल प्रकरणात (१७ डिसेंबर २०२१) केंद्रीय राखीव पोलीस दलातील अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती. वर्तनाचे एकमेव कारण आजारच होता, हे सिद्ध करण्याची गरज नाही. तो कारणांपैकी एक असला तरी संरक्षण मिळते, असे न्यायालयाने ठरवले.

नोकरीत भेदभावास मनाई करणारे कलम २० शासकीय आस्थापनांपुरते आहे. खासगी आस्थापनांना समान संधी धोरण (कलम २१) बंधनकारक आहे.