रक्तस्रावजन्य शॉक (पशुवैद्यक)

जखम, अवघड वीत, विषबाधा किंवा पोटातील अवयव फाटणे यांमुळे जनावराचे रक्त इतके जाते, की ऊतींना पुरेसा ऑक्सिजन मिळेनासा होतो. त्या अवस्थेला रक्तस्रावजन्य शॉक म्हणतात. दर किग्रॅ. वजनामागे कुत्र्यात साधारण 80–90 मिलि., मांजरात 55–65 मिलि. व गाईत 55–60 मिलि. रक्त असते. चार किलोच्या मांजरात सारे मिळून पेलाभरच रक्त भरते. त्यामुळे फरशीवरच्या डागावरून अंदाज बांधताना प्राण्याचे वजन आधी पाहावे लागते.

या विषयाचा इतिहास बहुतांशी कुत्र्यांवरील प्रयोगांचा आहे. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य रिचर्ड लोअर याने ऑक्सफर्ड येथे एका कुत्र्याचे रक्त तो मरणासन्न होईपर्यंत काढले व दुसऱ्या कुत्र्याच्या मानेतील रोहिणीतून त्याच्या नीलेत रक्त सोडून त्याला सावरले. हा प्रयोग काही ठिकाणी 1666 सालचा म्हणून दिला जातो. वृत्तांत त्या वर्षाअखेरीस छापला गेला हे खरे. पण प्रयोग 1665 च्या फेब्रुवारीतील मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शॉकच्या कारणाबद्दल पुढेही एकमत नव्हते. अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल (1899) यांनी रक्तवाहिन्या आवळणाऱ्या चेताकेंद्राच्या थकव्यावर भर दिला, तर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चेंगरलेल्या स्नायूंतून सुटणाऱ्या विषारी द्रव्यांचा पक्ष बळावला. अमेरिकन शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी 1930 मध्ये कुत्र्याचा जखमी पाय व धड पाय वेगवेगळे तोलून, हरवलेले रक्त व द्रव जखमेच्या जागीच साठतात हे दाखवले. आजचे उपचार मुख्यत्वे याच मताच्या आधाराने चालतात. मात्र ही सारी आकडेमोड कुत्र्याची. ती मांजराला व गाईला जशीच्या तशी लावण्याची सवय पशुवैद्यकात फार काळ टिकली.

प्राण्याप्राण्यांतला फरक लक्षणांत लगेच दिसतो. कुत्र्यात नाडी जलद व बारीक होते, हिरड्या फिक्या पडतात, पंजे गार लागतात. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून अधिक लागतात. मांजरात मात्र ठोके 140 च्याही खाली उतरू शकतात, अंग थंड पडते व ते मलूल पडून राहते. ‘शांत बसले आहे’ असे समजून घरचे लोक बऱ्याचदा उशिरा निघतात. म्हशीच्या काळ्या हिरड्यांवरून काही कळत नाही. तिची पापणी उलटून किंवा योनिमुखाच्या आतील त्वचा पाहावी लागते. रक्ततपासणीही सुरुवातीस फसवते. कुत्र्याची प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, म्हणून पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) काही तास ठीक दिसतो. प्रथिने आधी घटतात.

जखमेवर स्वच्छ कापड निदान पाच मिनिटे, मध्ये न उचकता, दाबून धरणे हा पहिला उपाय. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवतात. गोठ्यात हळद किंवा चुना दाबतात. रक्त थांबते ते बहुधा हाताच्या दाबाने, श्रेय हळदीला जाते. शिरेतून रिंगर लॅक्टेट हे क्षारयुक्त द्रव कुत्र्याला दर किग्रॅ. 15–20 मिलि. व मांजराला 5–10 मिलि. अशा हप्त्यांनी देऊन दर वेळी नाडी पुन्हा तपासतात. स्राव थांबण्याआधी द्रव भरमसाट दिले, तर गोठणारे घटक पातळ होतात व धरलेली गुठळी सुटते. मांजराला ऊबही द्यावी लागते. कुत्र्याला पहिल्या वेळी गट न तपासता रक्त दिले तरी सहसा निभावते. मांजरात तसे करता येत नाही: ब गटाच्या मांजराला अ गटाचे थोडे रक्तही प्राणघातक ठरू शकते.

पुणे परिसरात वाहनांच्या धडकेखेरीज काही कारणे वारंवार पुढे येतात. घोणस चावल्यास रक्त गोठेनासे होते. साध्या काचेच्या नळीत 20 मिनिटे स्थिर ठेवलेले रक्त पातळच राहिले, तर प्रतिविषाला पर्याय नाही. ब्रोमॅडिओलोनसारख्या उंदीरनाशकामुळे होणारा रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो व व्हिटॅमिन के-1 ने आटोक्यात येतो. गोचिडांमुळे होणाऱ्या ‘टिक फीव्हर’मध्ये कुत्र्याचा घोळणा फुटतो. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर तालुक्यांत बिबट्याच्या तावडीतून सुटलेल्या शेळ्या व वासरे येतात. गळ्यावर सुळ्यांची भोके लहान दिसतात, पण केस कापून पाहिल्यावर आतली फाटाफूट कळते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीच्या सुमारास पंख चिरलेल्या घारी येतच असतात.

गाईत व्यायल्यानंतर गर्भाशयाची रोहिणी फाटणे, शिंग मोडणे व सडाची जखम ही नेहमीची कारणे. व्यायलेली गाय कान गार पडून बसली, की दुग्धज्वराचा (रक्तातील कॅल्शियम घटल्याने होणाऱ्या आजाराचा) संशय आधी येतो. पण कारण आतला रक्तस्रावही असू शकते, म्हणून कॅल्शियमची बाटली लावण्यापूर्वी पापणी फिकी आहे का ते पाहिलेले बरे. रक्त द्यायचे झाल्यास त्याच गोठ्यातील, थायलेरिया व बॅबेसिया या गोचिडांतून पसरणाऱ्या रक्तातील परजीवींपासून मुक्त असलेली गाय दाता म्हणून चालते. तिच्याकडून दर किग्रॅ. 10–15 मिलि. घेता येते. घरपोच पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे.