अपुऱ्या सरावाची मॅरेथॉन आणि सोबत्यांचं काम

डिसेंबर संपत आलेला असतो. दिवाळी, लग्नं आणि ऑफिसच्या कामात रविवारच्या लांब धावा राहून गेलेल्या असतात. आतापर्यंतची सर्वांत लांब धाव १८ किलोमीटरची, आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. ग्रुपमधले म्हणतात, "ये तू, आम्ही आहोत ना, ओढून नेऊ!" हे बोलणं अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं नीट समजून घेतलं नाही तर धोक्याचं आहे.

खरा भाग आधी पाहू. २०१०मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. खेळाडूंनी तोच व्यायाम एकदा एकट्याने आणि एकदा संघासोबत केला. व्यायामाच्या आधी आणि नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून, किती दाबाला दुखायला लागतं ते मोजलं. संघासोबत वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता जास्त वाढलेली आढळली. व्यायाम तेवढाच होता, फक्त सोबत होती.

पण वेदना कमी जाणवली म्हणून इजा कमी होत नाही. लांब धावांच्या सरावाने स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, त्यामुळे त्याच वेगाला शरीर चरबी जास्त आणि साखर कमी जाळतं. प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात. सरावाने तेही या झेलण्याला सरावतात. स्नायुबंध आणि हाडं तर सगळ्यांत सावकाश घट्ट होतात. यातलं काहीही शेवटच्या दोन आठवड्यांत कमावता येत नाही. त्यामुळे तेव्हा घाबरून ३० किलोमीटरची धाव काढणं ही मोठी चूक ठरते: फायदा पदरात पडायच्या आधी स्पर्धा येते, दुखणं मात्र सोबत येतं.

म्हणून सोबत्याचं पहिलं काम वेग आवरण्याचं. साधा हिशेब असा, की धावताना वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे सुमारे १ किलोकॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला पूर्ण अंतराला २,७००च्या आसपास लागतात. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली साखर साधारण १,६०० ते २,००० किलोकॅलरींची असते. उरलेलं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून यायला हवं. वेग वाढला की साखरेचा वाटा वाढतो, आणि कमी सराव असलेल्याचा तो आधीच जास्त असतो. पहाटेच्या गारव्यात, गर्दीच्या जोशात पहिले १० किलोमीटर किलोमीटरमागे अर्धा मिनिट जरी जास्त वेगाने गेले, तरी त्याची वसुली तिसाव्या किलोमीटरनंतर होते.

मुंबईत पूर्ण मॅरेथॉनला ७ तासांची मुदत असते, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम १० मिनिटं. ४ मिनिटं धावायचं, किलोमीटरमागे ७:४५ (७ मिनिटं ४५ सेकंद) या वेगाने, आणि १ मिनिट झपाझप चालायचं, किलोमीटरमागे ११ मिनिटांच्या वेगाने, असं केलं तर सरासरी ८:१५च्या आसपास येते आणि शर्यत ५ तास ५० मिनिटांच्या आत बसते. तासाभराची सवड हाताशी राहते. मात्र हे चालणं पहिल्या पाच मिनिटांपासूनच सुरू झालं पाहिजे. दमल्यावर चालायला लागणं आणि दमू नये म्हणून चालणं यांत फार फरक आहे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात हौशी धावपटूंच्या एका गटाने दर अडीच किलोमीटरला एक मिनिट चालून मॅरेथॉन पुरी केली. सलग धावणाऱ्यांपेक्षा त्यांना सरासरी सातेक मिनिटंच जास्त लागली, आणि स्नायूंचं दुखणं व थकवा कमी राहिला. ताजेतवाने पाय असताना, सगळे पुढे निघून जात असताना चालायला लागणं मनाला अवघड जातं. इथे शेजारी घड्याळ धरून "चल, आता चालायचं" म्हणणारा माणूस लाखमोलाचा. त्याच्याकडेही स्वतःचा बिब, म्हणजे नोंदणी केल्यावर मिळणारा छातीवरचा क्रमांक, हवा. बिब नसलेल्याने मार्गात उतरून सोबत धावणं बहुतेक स्पर्धांच्या नियमात बसत नाही.

खाण्याचा हिशेबही त्याच्याकडेच द्यावा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, तीही पहिल्या ४० मिनिटांपासून. एका मध्यम केळ्यातून किंवा चार-पाच खजुरांतून साधारण २५ ग्रॅम मिळतात. धावपटूंसाठी मिळणाऱ्या साखरेच्या जेलच्या एका पुडीतूनही तेवढीच. सरावात जे खाऊन पाहिलंय तेच खावं. धावताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेलं असतं, पोटाला कमी मिळतं, त्यामुळे नवखा पदार्थ ढवळून येतो. ओआरएसने ताकदही मिळते, असा एक गैरसमज दिसतो. एक लिटरच्या ठरलेल्या मिश्रणात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, म्हणजे ते क्षारांसाठी चांगलं, ताकदीसाठी अपुरं. आणि एक लिटरची पुडी छोट्या बाटलीत ओतली तर पाणी इतकं घट्ट होतं की मळमळ सुरू होते.

पाण्याच्या बाबतीत मायेचा अतिरेक घात करू शकतो. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं. धोका जास्त कुणाला होता? ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला त्यांना. कमी सराव असलेला माणूस सहा तास रस्त्यावर असतो आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलावर कुणीतरी "पाणी पी, पाणी पी" म्हणत असतं. तहान लागेल तसं, घोट-घोट पुरे. बोटं सुजून अंगठी रुतायला लागली, घड्याळाचा पट्टा आवळला, डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर आणखी पाणी देऊ नये. वैद्यकीय मदतकेंद्र गाठावं.

बाहेर उभं राहणाऱ्यांनी जागा विचार करून निवडाव्यात. सी लिंकवर उभं राहता येत नाही. सर्वांत गरज लागते ती परतीच्या वाटेवर, हाजी अलीपाशी, पेडर रोडच्या चढाच्या अलीकडे. तोवर ऊन वर आलेलं असतं आणि साठा आटलेला असतो. रस्ते बंद असल्याने गाडी काढण्यात अर्थ नाही. लोकलने महालक्ष्मीला उतरून चालत जावं, आणि रविवार असल्याने मेगाब्लॉकची वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवावी. पिशवीत कोरडे मोजे, व्हॅसलिन, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि थंड पाण्यात भिजवलेला पंचा असावा. वेदनाशामक गोळी मात्र ठेवू नये. पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात, शिवाय थांबायचा इशारा देणारं दुखणंही झाकतात.

थांबायचं कधी, हे आदल्या दिवशी शांत डोक्याने ठरवून तो अधिकार सोबत्याला द्यावा, कारण त्या क्षणी धावणाऱ्याचा मेंदू भरवशाचा नसतो. छातीत दुखणं किंवा दाटणं, हाडावर एका बिंदूत बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, पाऊल वाकडं पडण्याइतकी लंगड, यांपैकी काहीही दिसलं की शर्यत तिथे संपली. दर पाच किलोमीटरला एक साधा प्रश्न विचारावा: "कितवा किलोमीटर? पुढे कुठला रस्ता?" उत्तर अडखळलं, चाल झोकांडली, बोलणं चिडचिडं किंवा असंबद्ध झालं, तर उष्माघाताची शंका घ्यावी. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नये. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकतं. आरडाओरडा करून मदत बोलवावी आणि तिथेच सावलीत बर्फाने, गार पाण्याने सगळं अंग भिजवायला घ्यावं. रुग्णवाहिकेची वाट पाहत वाया गेलेली मिनिटं महाग पडतात.

अंतिम रेषा ओलांडल्यावर मिठी मारून लगेच खाली बसवू नये. धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. पाय एकदम थांबले की रक्त खाली साचतं आणि भोवळ येते. दहा मिनिटं हळूहळू चालवावं. भोवळ आलीच तर आडवं करून पाय उंचावर ठेवावेत. सीएसएमटीच्या सबवेत उतरताना मांड्या दगा देतात, तेव्हा कठडा धरू द्यावा आणि पिशवी आपण घ्यावी. गाडी त्याला चालवू देऊ नये. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं आणि मग ओसरतं, ते अपेक्षितच आहे. पण संध्याकाळी फोन करून लघवीचा रंग जरूर विचारावा. काळ्या चहासारखा किंवा कोलासारखा असेल, तर तुटलेल्या स्नायूंमधली द्रव्यं मूत्रपिंडात पोचली आहेत असं समजावं, आणि सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात न्यावं.