आमिषाच्या डब्याला तळाशी भोके का असतात?

वाळूतले मोल क्रॅब शोधणाऱ्या आणि आमिष म्हणून वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात, दीवला अथवा माधवपूरच्या बाजूला जाऊन किनाऱ्यावरून गळ टाकणारे वडोदऱ्यातील अनेक ग्राहक आमच्याकडून जाळीचे फावडे आणि आमिषाचा डबा घेऊन जातात, आणि परत आल्यावर त्यांतले काही जण डबा तळातून गळतो अशी तक्रार घेऊन येतात. काहींनी तर ती भोके एम-सीलने बुजवली, डबा समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरला, त्यात मेहनतीने पकडलेले खेकडे सोडले आणि दोन तासांत सगळे मेलेले पाहून दोष गळाला आणि दोऱ्याला दिला. डब्याच्या तळाची भोके मुद्दाम पाडलेली आहेत. समुद्राचे पाणी डब्यात साठून राहू नये, हाच त्यांचा उपयोग आहे.

मोल क्रॅब पाण्यातला प्राणी असूनही पाण्यात ठेवल्यावर मरतो, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. तो राहतो ती जागा पाहिली की उलगडा होतो. लाट जेथे वाळूवर चढते आणि पुन्हा उतरते त्या पट्ट्यात तो वाळूत रुतून बसतो, म्हणजे दर काही क्षणांनी त्याच्यावरून ताजे, हवा मिसळलेले पाणी जात असते. बादलीतले पाणी स्थिर असते, उन्हाने तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. त्यात मूठभर खेकडे सोडले की उरलासुरला प्राणवायू ते थोड्याच वेळात संपवतात, आणि एक मेला की त्याच्या कुजण्याने बाकीच्यांचेही पाणी खराब होते. याउलट ओलसर वाळूत त्यांचे कल्ले ओले राहतात आणि हवाही मिळते. नर्मदेवर गळ टाकणारे आपल्यातले जुने लोक गांडुळे ओल्या मातीत ठेवतात, पाण्यात बुडवून ठेवत नाहीत; येथेही रीत तीच आहे.

म्हणून डब्यात तळाशी दोन बोटे ओली वाळू घालावी, त्यावर खेकडे एका थरात पसरावेत, वर समुद्राच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले सुती फडके ठेवावे आणि झाकण लावून डबा सावलीत ठेवावा. वाळू मुठीत दाबली असता पाणी टपकू नये, इतपतच ओली असावी. नळाचे पाणी शिंपडू नये, कारण गोडे पाणी या खेकड्यांना मानवत नाही. थंडाव्यासाठी बर्फ वापरायचा असल्यास तो बंद बाटलीत गोठवून, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या बाजूला ठेवावा. सुटा बर्फ वर टाकला तर त्याचे वितळलेले पाणी म्हणजे पुन्हा गोडेच पाणी. मधून मधून झाकण उघडून मेलेले खेकडे काढून टाकावेत. एवढी काळजी घेतली तर सकाळी पकडलेले खेकडे संध्याकाळच्या भरतीपर्यंत सहज जिवंत राहतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आमच्याकडे मिळतो आणि जिवंत कोळंबीसाठी तो उपयोगी आहे, परंतु केवळ मोल क्रॅबसाठी पंप घेण्याचा सल्ला आम्ही देत नाही.

आता ते शोधण्याविषयी. हा खेकडा साधारण दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, अंड्यासारख्या आकाराचा, वाळूच्याच रंगाचा असतो. त्याला नांग्या नसतात, त्यामुळे हातात घ्यायला भीती नाही. तो शंखात राहणाऱ्या खेकड्यांचा नातेवाईक आहे आणि वाळूत उलटा, म्हणजे मागच्या बाजूने शिरतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आढळणारी इमेरिटा होल्थुइसी ही जात संकोल्ली यांनी १९६५ मध्ये प्रथम वर्णिली. लाट मागे सरत असताना तो पिसासारख्या स्पर्शिका बाहेर काढून पाण्यातले सूक्ष्म खाद्य गाळून घेतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पातळ होत चाललेल्या पाण्यावर व्ही आकाराच्या छोट्या खुणा उमटतात. एका जागी अशा बऱ्याच खुणा एकदम दिसल्या की फावडे तेथेच वीतभर खोल घालावे, वाळूसकट उचलावे आणि पुढच्या उतरत्या लाटेत जाळी धरून वाळू धुऊन काढावी. हे करताना आपले तोंड समुद्राकडे ठेवावे. भरती-ओहोटीबरोबर खेकड्यांचा हा पट्टाही वर-खाली सरकतो, म्हणून सकाळची जागा दुपारी लक्षात ठेवून काही उपयोग नाही. उधाणाच्या दिवसांत लाट फार वेगाने वर येते, तेव्हा मुलांना या पट्ट्यात एकटे सोडू नये. पावसाळ्यात तर हा उद्योगच करू नये.

कोरड्या वाळूत दिसणारी भोके मोल क्रॅबची नसतात. ती बहुधा डोळे उंच काढून पळणाऱ्या पांढुरक्या खेकड्यांची असतात, आणि ओल्या वाळूवर गोळ्यांची जी सुरेख नक्षी दिसते ती आणखी एका इवल्याशा खेकड्याची असते. मोल क्रॅबचे कायमचे बीळ नसतेच. शिवाय कोकणात हिवाळ्यात वरच्या कोरड्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यामुळे तेथे फावडे लावूच नये.

वडोदऱ्याहून जवळचा समुद्र सोडून इतके लांब कशाला जायचे, असेही वारंवार विचारले जाते. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला गेलेल्यांनी तेथील भरती पाहिलेली असेल. देऊळ पाण्याखाली जाते इतकी ती मोठी असते. परंतु खंभातच्या आखाताचा तो किनारा चिखलाचा आहे, आणि या खेकड्याला सतत लाटा फुटणारी, मोकळी, सरकती वाळू लागते. वलसाडजवळच्या तिथलकडची काळी, गाळ मिसळलेली वाळूही आम्ही या कामासाठी सुचवत नाही. अशा ठिकाणी कोळंबी घेऊन जावी.

खेकडा गळाला लावताना शेपटीकडून, पोटाच्या बाजूने टोक आत घालावे आणि पाठीच्या कवचातून जेमतेम बाहेर काढावे. टोक कवचाच्या आत लपले तर मासा खेकडा चघळतो आणि गळ बसत नाही. ते दिसलेच पाहिजे. मुडदुशीसाठी बारीक गळाला लहान खेकडा पुरतो, रावस किंवा ब्रीमच्या अपेक्षेने बसायचे असेल तर मोठा खेकडा आणि एक नंबर किंवा वन-ओ (१/०) मापाचा सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, घ्यावा. कात टाकून नुकतेच मऊ झालेले खेकडे माशांना फार आवडतात, पण गळ फेकताना तेच आधी सुटतात, म्हणून त्यांच्यावर बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे दोन-चार वेढे द्यावेत. रॉडला झटका न देता गळ सावकाश झुलवून फेकावा, आणि पहिला गळ लांब न टाकता फुटणाऱ्या लाटेच्या अलीकडच्या खोलगट पट्ट्यात टाकावा. हे खेकडे खाणारे मासे त्यांच्या मागे अगदी काठाजवळ येतात, आणि नव्या रॉडच्या उत्साहात आपण त्यांच्या डोक्यावरून गळ फेकत असतो.

पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गुच्छ असलेल्या माद्या मिळतात. त्या उत्तम आमिष आहेत हे खरे, तरी त्या परत सोडाव्यात असे आमचे मत आहे. दोन माणसांना अर्ध्या दिवसासाठी मूठ-दोन मुठी खेकडे भरपूर होतात. उरलेले जिवंत खेकडे तेथेच लाटेत सोडावेत. घरी न्यायचेच असल्यास उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून, निथळून आणि पूर्ण थंड करून मगच फ्रीझरमध्ये ठेवावेत. तसेच कच्चे गोठवले तर वितळताना त्यांचा लगदा होतो.

आम्ही मोल क्रॅब जिवंत किंवा गोठवलेले विकत नाही, याबद्दल काही ग्राहकांनी नाराजी व्यक्त केली आहे. येथपर्यंत आणून दुकानात ठेवलेल्या खेकड्यांतले निम्मे तरी आपल्या हाती मेलेलेच पडतील, आणि मेलेल्या आमिषाचे पैसे घेणे आम्हाला पटत नाही. ते किनाऱ्यावर ताजे आणि फुकट मिळतात. त्यांना पकडायचे फावडे, ठेवायचा डबा आणि योग्य मापाचे गळ पुरवणे हे आमचे काम. डबा विकत घ्यायचा नसेल तर घरच्या जुन्या प्लॅस्टिकच्या डब्याला तापवलेल्या खिळ्याने तळाशी आठ-दहा भोके पाडली तरी चालते. आमच्या डब्यात जास्तीचा असतो तो दोन थर वेगळे ठेवणारा जाळीचा कप्पा.

ज्यांनी डब्याची भोके बुजवली आहेत त्यांनी प्रवासाला निघण्यापूर्वी डबा दुकानात आणावा. ती आम्ही पुन्हा मोकळी करून देऊ, त्याचे पैसे पडणार नाहीत. गाडीत किंवा आगगाडीत वाळूचे पाणी खाली गळण्याची चिंता असल्यास डब्याखाली बसणारी स्वतंत्र थाळीही मिळते; ती भरली की ओतून द्यावी.